उठल्या उठल्या दचकणारं बाळ: वेस्ट सिंड्रोम कळल्यावर काय काय करायचं

आमचं पोरगं पहिल्यांदा दचकलं ते गणपतीत. आम्ही कोल्हापुरात शिवाजी पेठेत राहतो, मंडळं दारातच, त्यामुळं खिडकीच्या काचा थरथरत होत्या आणि साडेपाच महिन्यांचं बाळ झोपेतनं उठल्या उठल्या दोन्ही हात फेकून मान खाली घालत होतं, परत परत. आत्या म्हणाल्या, "डॉल्बीला भ्यालंय गं पोर, काय हुईत न्हाई." आत्या म्हणजे सासूबाई, आमच्यात आत्याच म्हणतात. मलाही पटलं. मग विसर्जन झालं, डॉल्बी गेला, पेठ शांत झाली आणि दचकणं काही थांबेना, उलट आधी दिवसातनं एकदा व्हायचं ते तीनदा व्हायला लागलं. त्यानंतर गॅस झाला म्हणून एक औषध, दृष्ट लागली म्हणून मीठ-मोहरी, दात येतायत म्हणून अजून एक औषध, असं करत करत आजाराचं नाव कळेपर्यंत 22 दिवस गेले. ते 22 दिवस मला अजून टोचतात. म्हणून हे लिहायला बसले. आता पोरगं सहा वर्षांचं आहे. मी डॉक्टर नाही, डोस वगैरे काही सांगणार नाही, पण कुठल्या क्रमानं काय करायचं हे त्यावेळी कुणी मला एका जागी बसवून सांगितलं असतं तर बरं झालं असतं, एवढंच.

आजाराचं नाव वेस्ट सिंड्रोम, लहान बाळांना येणाऱ्या फिटचा एक प्रकार. फाइलीवर इन्फंटाइल स्पाझम्स असंही लिहिलेलं असेल, आणि 2022 पासून डॉक्टर लोकांनी इन्फंटाइल एपिलेप्टिक स्पाझम्स सिंड्रोम असं लांबलचक नाव घेतलंय, तिन्ही बघून घाबरू नका, बाळाला तीन आजार झालेले नाहीत. साधारण दोन ते चार हजार बाळांमागे एखाद्याला होतो. बहुतेक वेळा वर्षाच्या आतच सुरू होतो, जास्त करून चार ते सात महिन्यांच्या वयात. वेस्ट हे एका इंग्रज डॉक्टरचं आडनाव, 1841 साली त्यानं लॅन्सेट नावाच्या डॉक्टरी साप्ताहिकाला पत्र लिहून हे सगळं पहिल्यांदा मांडलं, आणि ते बाळ दुसऱ्या कुणाचं नाही, त्याचं स्वतःचं होतं. हे वाचलं तेव्हा मला फार वाईट वाटलं आणि जरा धीरही आला, की इतक्या जुन्या काळात एका बापानं घरात बसून नुसतं बघून बघून हे ओळखलं. आपल्याकडं तर मोबाईल आहे.

आधी बघायला शिका

आपल्याकडं फिट म्हटलं की डोळ्यासमोर काय येतं, तर माणूस खाली पडला, आखडला, तोंडाला फेस आला. आकडी, फेफरं हे शब्द आपण त्यासाठीच वापरतो. ह्या आजारात तसलं काही नसतं आणि तिथंच सगळे फसतात, घरचेही आणि कधी कधी डॉक्टरही.

दिसतं ते असं: बाळ अचानक एक-दोन सेकंद आखडतं, हात बाहेर फेकतं किंवा छातीशी घेतं, मान पुढं पडते, गुडघे पोटाकडं येतात, आणि सैल पडतं. मग पाच-दहा सेकंद काही नाही. परत तेच. परत काही नाही. परत तेच. अशी माळ लागते, कधी पाचाची, कधी तीस-चाळीसची, आणि ही माळ जास्त करून झोपेतनं उठल्या उठल्या किंवा झोप लागता लागता येते. मधे मधे किंवा संपल्यावर बाळ रडतं, म्हणून पोटात दुखतंय असं वाटतं. काही बाळांचं नुसतं डोकं डुलतं, काहींचे नुसते डोळे वर जातात, तेवढंच. पूर्वी ह्याला सलाम फिट म्हणायचे कारण बाळ वाकून सलाम केल्यासारखं दिसतं.

मग साधं दचकणं कसं ओळखायचं? साध्या दचकण्याला कारण असतं, भांडं पडलं, दार आपटलं, तुम्ही पटकन खाली ठेवलंत, आणि ते एकदाच होतं. शिवाय ते चार-पाच महिन्यांनंतर जवळजवळ बंद होतं. गॅसनं बाळ कळवळतं, पण एका तालात, घड्याळ लावल्यासारखं नाही. आवाज नाही, धक्का नाही, आणि तरी तालात माळ लागली तर ते गॅस समजून बसू नका.

दुसरी एक खूण आहे जी माझ्या लक्षात यायला फार वेळ लागला. आमचं बाळ हसायचं बंद झालं होतं. आधी मला बघून पाय झाडायचं, पंख्याकडं बघून बोलायचं, ते हळूहळू गप्प झालं, चेहऱ्याकडं बघेना. आम्ही म्हणत होतो शांत झालंय, गुणी झालंय. बाळ शिकलेलं विसरायला लागलं तर ते गुणी झालेलं नसतं.

व्हिडिओ काढा, आजच

ह्या अख्ख्या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं झालं तर हे ठेवा. दवाखान्यात गेल्यावर बाळ कधीच करून दाखवत नाही, तिथं ते छान डॉक्टरांच्या स्टेथोस्कोपशी खेळतं, आणि तुम्ही तोंडानं "असं असं करतंय हो" म्हणून हातवारे करत बसता. आमच्या बाबतीत हेच झालं. पहिल्या दवाखान्यात मी हात फेकून दाखवलं आणि ते म्हणाले गॅस आहे. दुसऱ्या ठिकाणी नणंदेच्या नवऱ्यानं काढलेला व्हिडिओ दाखवला, डॉक्टरांनी दोनदा बघितला, खुर्ची पुढं ओढली आणि म्हणाले उद्या सकाळी ईईजी, म्हणजे मेंदूचा आलेख, करायचाच.

व्हिडिओ कसा काढायचा: बाळाला उचलून घेऊ नका (मला माहितीय हात आपोआप जातो), पाठीवर झोपवा, दुपटं काढा म्हणजे हातपाय दिसतील, लाईट लावा, मोबाईल आडवा धरा आणि सलग दोन-तीन मिनिटं चालू ठेवा, एकच झटका नाही तर मधला रिकामा वेळही दिसला पाहिजे, कारण डॉक्टर तो तालच बघत असतात. चेहरा आणि पाय दोन्ही आले पाहिजेत. गाणं, टीव्ही बंद. मधे नाव घेऊन हाक मारा, बघतंय का ते कळतं.

सोबत एक वही. शाळेची चाळीस पानीपण चालेल. तारीख, किती वाजता, झोपेतनं उठताना की कसं, माळेत अंदाजे किती झटके, असं रोज लिहायचं. पुढं औषध लागू पडतंय का नाही हे ह्या वहीवरनंच कळणार आहे, आपल्या आठवणीवर नाही, झोप नसलेल्या आईची आठवण काही खरी नसते.

डॉक्टरांकडं काय बोलायचं

रविवारची ओपीडी बंद म्हणून सोमवार, सोमवारी पाहुणे म्हणून बुधवार असं करू नका. हा आजार तातडीचा धरतात. कारण मेंदूत सतत जो गोंधळ चालू असतो त्यानं बाळाची वाढ अडते, आणि उपचार जितके लवकर तितकी पुढची शक्यता बरी. तासाभरात जीव जाईल अशी गोष्ट नाही, पण आठवडे घालवायचीही नाही.

आपले नेहमीचे बालरोगतज्ज्ञ असतील त्यांच्याकडंच आधी जा, व्हिडिओ दाखवा आणि सरळ विचारा, "डॉक्टर, हे इन्फंटाइल स्पाझम असू शकतं का? ईईजी करायचा का?" डॉक्टरांना असं विचारणं आपल्याला उद्धटपणा वाटतो. अजिबात नाही. चांगल्या डॉक्टरला राग येत नाही, आणि ज्याला येतो त्याच्या रागापेक्षा आपलं बाळ महत्त्वाचं. पैशाची अडचण असेल तर सीपीआरला, म्हणजे इथल्या मोठ्या सरकारी दवाखान्यात, बालरोग विभागात जा, सकाळी लवकर केस पेपर काढा, व्हिडिओ तिथंही दाखवा. पुढं लहान मुलांच्या मेंदूच्या डॉक्टरांची चिठ्ठी मिळेल, पीडियाट्रिक न्यूरॉलॉजिस्ट म्हणतात त्यांना. इथं सोय झाली तर इथं, नाहीतर मिरज-सांगली, पुणे, मुंबईला परळचं वाडिया, किंवा बंगळुरूचं निम्हान्स, कुठं पाठवतील ते बाळाच्या गरजेवर आहे. एक मात्र करा, मोठ्या ठिकाणची तारीख पंधरा दिवसांनंतरची मिळाली तर इथल्या डॉक्टरांना विचारा की तोपर्यंत इथंच ईईजी करून औषध सुरू करता येईल का, ते तिकडच्या डॉक्टरांशी फोनवर बोलून घेतील का. आमच्या डॉक्टरांनी तसंच केलं.

ईईजीचा दिवस

ईईजी म्हणजे डोक्याला वायरी चिकटवून मेंदूतल्या विजेचा आलेख काढणं. दुखत नाही, करंट देत नाहीत, उलट घेतात. आमच्या आत्यांना हे तीनदा सांगायला लागलं.

आदल्या दिवशी बाळाचं डोकं शाम्पूनं धुवा आणि मग तेल नाही. टाळू भरायची नाही. हे लिहायची वेळ आली कारण मी स्वतः डोकं स्वच्छ धुतलं आणि सकाळी निघताना आत्यांनी मायेनं टाळूवर चांगलं तेल थापलं. टेक्निशियनताई हसल्या, मग अर्धा तास पुसत बसल्या.

दुसरं, झोप. नुसत्या जागेपणी काढलेल्या ईईजीत हे कधी कधी सापडत नाही, झोपेतला भाग पाहिजेच, आणि झोपेतनं उठतानाचा मिळाला तर सोन्याहून पिवळं. म्हणून सांगितलं असेल त्याप्रमाणं बाळाला पहाटे लवकर उठवा, रिक्षात, गाडीत झोपू देऊ नका (हे सगळ्यात अवघड, कावळा नाक्यापर्यंत गेलो नाही तोवर आमचं झोपलं होतं), आणि तिथं गेल्यावर पाजून झोपवा. कधी झोपेचं सिरप देतात. अर्ध्या तासाचा रिपोर्ट नॉर्मल आला आणि दचकणं चालूच असेल तर तिथं थांबू नका, जास्त वेळाचा व्हिडिओ ईईजी करता येईल का विचारा.

रिपोर्टवर हिप्सॅरिदमिया असा शब्द असेल. म्हणजे आलेखात काही ताळमेळच नाही, उंचच उंच वेड्यावाकड्या लाटा. आम्हाला डॉक्टरांनी कागद दाखवला तेव्हा मला पाचवीतल्या पोरानं पेन चालतंय का बघायला गिरगिटलेलं आठवलं. प्रत्येक बाळात हा शब्द येईलच असं नाही, पण आला तर बहुतेक निदान पक्कं.

कारण शोधणं, पण औषध अडवून नाही

हा आजार अनेक कारणांनी होतो. जन्माच्या वेळी बाळ उशिरा रडलं, मेंदूला ऑक्सिजन कमी पडला, जन्मल्यावर पहिल्या दिवसांत साखर फार कमी झाली, मेंदूत इन्फेक्शन झालं होतं, मेंदूची जडणघडण पोटात असतानाच वेगळी झाली, जीन्समधला बदल, डाऊन सिंड्रोम. म्हणून बाळंतपणाचं डिस्चार्ज कार्ड शोधून फाइलीत लावा, त्यात वजन, रडण्याची वेळ, काचेत किती दिवस ठेवलं होतं, साखर, कावीळ सगळं असतं. माहेरी बाळंतपण झालं असेल तर आजच फोन करा, ते कार्ड कपाटात कुठंतरी लग्नपत्रिकांच्या खाली असतं.

डॉक्टर बाळाचे कपडे काढून अंगावर पांढरट डाग शोधतील, कधी निळसर दिव्याखाली. त्यावरनं ट्यूबरस स्क्लेरोसिस नावाचा एक आजार कळतो, आणि तो असेल तर औषधाची निवडच बदलते. तेव्हा बाळाच्या पाठीवर, मांडीवर पानाच्या आकाराचा फिका डाग असेल तर तुम्हीच आधी सांगा, कोड आहे म्हणून लपवू नका. एमआरआय लहान बाळाचा भूल देऊन करतात, त्याआधी किती तास उपाशी ठेवायचं ते लिहून घ्या. रक्त, लघवी, गरज पडली तर जीनची टेस्ट. जीनच्या टेस्टचा रिपोर्ट यायला आठवडे लागतात. तोपर्यंत औषध थांबत नाही हे नीट समजून घ्या.

आणि एक, "माझ्या पोटात असताना मी ग्रहणात बाहेर गेले म्हणून", "मी पपई खाल्ली म्हणून" हे मनातनं काढून टाका. मी ग्रहणात घराबाहेर पाऊल टाकलं नव्हतं, तरी झालंच की.

औषध

मुख्य औषधं तीन. एसीटीएच नावाचं इंजेक्शन, प्रेडनिसोलोन हे तोंडानं द्यायचं स्टिरॉइड, आणि व्हिगाबॅट्रिन. फिटच्या बाकीच्या नेहमीच्या गोळ्यांचा ह्या झटक्यांवर फारसा उपयोग होत नाही, म्हणून शेजारच्या काकांना चालू असलेली गोळी आपल्या बाळाला का दिली नाही असं वाटून घेऊ नका. ट्यूबरस स्क्लेरोसिस असेल तर जास्त करून व्हिगाबॅट्रिन आधी, नाहीतर बहुतेक ठिकाणी हार्मोनचा उपचार म्हणजे इंजेक्शन किंवा स्टिरॉइड आधी, आणि काही डॉक्टर दोन्ही मिळून देतात. सोबत बी 6 व्हिटॅमिनपण देऊन बघतात, कारण काही बाळांत मूळ अडचण त्याचीच असते.

स्टिरॉइड म्हटलं की घरात बॉम्ब पडल्यासारखं होतं. आमच्या मामंजींनी "पोराला स्टेराइड? त्यापेक्षा न दिलेलं बरं" म्हणून दोन दिवस भांडण काढलं, तालमीत कुणीतरी बॉडीसाठी घेतलेलं त्यांनी ऐकलेलं. ते वेगळं, हे वेगळं, आणि हे थोड्या आठवड्यांसाठी असतं. पण दुष्परिणाम नाहीत असंही मी म्हणणार नाही. बाळ चिडचिडं होतं, रात्रभर झोपत नाही, सारखी भूक, गाल वाटोळे होतात, वजन वाढतं. पाहुणे म्हणतील "व्वा, तब्येत सुधारली!" आणि तुम्हाला हसावं की रडावं कळणार नाही. खरा धोका बीपी वाढण्याचा आणि इन्फेक्शनचा. बीपी डॉक्टर सांगतील तितक्या वेळा तपासून घ्या, लहान बाळाचा पट्टा वेगळा आणि छोटा असतो, मोठ्या माणसाच्या पट्ट्यानं आकडा चुकतो, तेव्हा छोटा पट्टा आहे का विचारूनच जा.

सगळ्यात महत्त्वाचं, स्टिरॉइड मधेच बंद करायचं नाही. संपलं म्हणून नाही, बरं वाटलं म्हणून नाही, कुणी काही बोललं म्हणून नाही. अचानक थांबवलं तर शरीर स्वतःचं हार्मोन लगेच तयार करत नाही आणि बाळ एकदम आजारी पडू शकतं. कमी करत आणायचा तक्ता डॉक्टर देतात, तो फ्रीजवर चिकटवा. उलटी होऊन डोस बाहेर पडत असेल किंवा ताप आला तर लगेच फोन.

इंजेक्शन असेल तर ते थंड ठेवावं लागतं. मेडिकलमधनं आणताना बर्फाची पिशवी मागून घ्या, फ्रीजमधे ठेवा, पण वरच्या बर्फाच्या कप्प्यात नको.

व्हिगाबॅट्रिनची पावडर किंवा गोळी पाण्यात विरघळवून त्यातलं ठरलेलं पाणी सिरिंजनं द्यायचं असतं. इथं गोंधळ होतो. चिठ्ठीवर मिलिग्रॅम असतं आणि आपल्या हातात मिली असते. डॉक्टरांकडनंच लिहून घ्या, किती पाण्यात विरघळवायचं आणि त्यातलं किती मिली पाजायचं, आणि त्यांच्यासमोर एकदा सिरिंजमधे भरून दाखवा. ह्या औषधानं बाळ पेंगतं, आणि फार महिने चाललं तर डोळ्याची कडेची नजर कमी होऊ शकते, म्हणून ते शक्य तितक्या कमी काळ देतात आणि डोळ्यांची तपासणी करायला सांगतात. ती तपासणी टाळू नका. पण त्या भीतीनं औषधही टाळू नका. बाळाचं वजन वाढतं तसा डोस बदलतो, म्हणून प्रत्येक वेळी वजन करून घ्या.

लस आणि पाहुणे

स्टिरॉइड किंवा एसीटीएच चालू असताना आणि नंतर काही काळ जिवंत लसी देत नाहीत, म्हणजे पोलिओचे थेंब, रोटाव्हायरसचे थेंब, नऊ महिन्यांची गोवर-रुबेलाची. बाकीच्या लसींचं डॉक्टर सांगतील. फाइलीत डॉक्टरांचं एक पत्र लिहून घ्या आणि आशाताईंना, नर्सताईंना दाखवा, नाहीतर पल्स पोलिओच्या रविवारी तुम्ही आंघोळीला गेलेल्या असता आणि आजोबा मोठ्या हौसेनं बाळाला बूथवर नेऊन थेंब पाजून, बोटाला शाई लावून घेऊन येतात. आमच्या घरी थोडक्यात वाचलं.

घरात, शेजारी कुणाला कांजिण्या, गोवर झाला आणि बाळ जवळ गेलं असेल तर बाळ बरं दिसत असलं तरी डॉक्टरांना कळवा. सर्दी-खोकल्याच्या पाहुण्यांना दारातनंच चहा द्या. वाईट वाटतं लोकांना. वाटू दे.

चौदा दिवस

साधारण दोन आठवड्यांत औषधाचा निकाल बघतात. ह्यात "जरा कमी झालंय" हा निकाल धरत नाहीत. झटके पूर्ण थांबले का आणि ईईजी सुधारला का, दोन्ही पाहिजे. आपण मात्र चाळीसचे दहा झाले की पेढे वाटायला निघतो. मी निघालेच होते. डॉक्टरांनी वही बघितली, दहा म्हणजे चालूच आहेत म्हणाले, आणि दुसरं औषध जोडलं. त्यानंतर सहाव्या दिवशी वहीत पहिल्यांदा शून्य लिहिलं. मग परत ईईजी, कारण डोळ्यांना न दिसणारा गोंधळ आत चालू राहू शकतो. दोन आठवडे होऊनही काही फरक नसेल आणि पुढची तारीख महिन्यानंतरची असेल तर तेवढं थांबायचं नाही, फोन करून लवकरची मागा.

ही औषधं लागू पडली नाहीत तरी पुढं वाटा आहेत. केटोजेनिक डाएट म्हणजे भरपूर फॅट आणि अगदी मोजून कार्बोहायड्रेट असलेला आहार, तो दवाखान्याच्या देखरेखीखालीच, गंगावेशीतल्या कट्ट्यावरचं म्हशीचं घट्ट दूध आणि घरचं तूप वाढवलं म्हणजे केटो झालं असं नाही. आणि दोष मेंदूच्या एकाच भागात असेल तर काही बाळांचं ऑपरेशनही होतं.

मोठी फिट आली तर

हे झटके सेकंदाचे असतात, त्यासाठी पळापळ नको. पण अशा बाळांना कधी मोठी, सलग फिटही येऊ शकते. तेव्हा बाळाला कुशीवर वळवा, घड्याळ बघा, तोंडात काही घालू नका, ना पाणी, ना चमचा, ना बोट. कांदा हुंगवणं, चप्पल नाकाला लावणं, हातात किल्ल्या देणं हे सगळं आमच्याकडं मोठी माणसं करतात, त्यानं फिट थांबत नाही, फिट आपली आपणच थांबते आणि नाव चपलेचं होतं. पाच मिनिटांच्या वर गेली, किंवा बाळ निळं पडलं, तर 108 ला फोन किंवा जी गाडी मिळेल त्या गाडीनं जवळचा दवाखाना. फिट थांबवायला नाकात मारायचा मिडाझोलाम नावाच्या औषधाचा स्प्रे द्यायचा का हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा आणि दिला तर घरातल्या दोघांना तरी तो कसा वापरायचा शिकवा.

जून आला की

हे कोल्हापूरवाल्यांसाठी खास. 2019 च्या ऑगस्टमधे आणि 2021 च्या जुलैमधे पंचगंगा अशी चढली की हायवे बंद पडला, बाहेरनं माल येईना. त्यामुळं मेअखेरपासून मी दोन-तीन आठवड्यांचं औषध जास्तीचं आणून ठेवते, आणि ही औषधं प्रत्येक मेडिकलमधे नसतात, ऑर्डर दिल्यावर येतात, म्हणून कोरड्या दिवसांतही शेवटची पट्टी उघडली की नवीन सांगायची. पुरात लाईट गेली तर इंजेक्शनचं काय हे आधीच ठरवा. पाणी येणाऱ्या भागात राहत असाल, तर फाइल आणि औषधं एका प्लास्टिकच्या डब्यात, वर माळ्यावर. फाइलीच्या सगळ्या पानांचे फोटो मोबाईलमधे असू देत आणि नवऱ्यालाही पाठवून ठेवा.

कागद आणि पैसे

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत कव्हर आहे, पण ते यादीतल्या उपचारांना आणि यादीतल्या दवाखान्यात, म्हणून ॲडमिट व्हायच्या आधी तिथल्या आरोग्यमित्राला भेटा, रेशन कार्ड आणि आधार घेऊन. बाळाचं नाव रेशन कार्डात नसतं बहुतेकांचं, जन्मदाखल्यानं ते आधी घालून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात लहान मुलांची वाढ तपासून थेरपी देणारं जिल्हा पातळीवरचं केंद्र असतं, त्याची चौकशी सीपीआरलाच करा किंवा अंगणवाडीताईंना विचारा, ती टीम अंगणवाडीत येतेच.

पुढं बाळाची वाढ मागं राहिली तर युडीआयडी म्हणजे दिव्यांगत्वाचं कार्ड लागतं. 2016 च्या कायद्यात 21 प्रकार आहेत, त्यात फिट असा वेगळा प्रकार नाही, तेव्हा खिडकीवर "फिट येते" एवढंच सांगून काम होत नाही. बौद्धिक अक्षमता, सेरेब्रल पाल्सी असं जे निदान असेल त्यावर ते निघतं. त्यावर निरामय नावाची 1 लाखापर्यंतची आरोग्य विमा योजनाही मिळू शकते. हे कार्ड काढायला आम्ही दोन वर्षं टाळाटाळ केली, पोराला शिक्का लागेल म्हणून. शिक्का कसला, थेरपीचे पैसे वाचले असते.

थेरपी कधी सुरू करायची

झटके थांबायची वाट बघू नका, डॉक्टर हो म्हणाले की लगेच. फिजिओ, ऑक्युपेशनल, पुढं बोलण्याची. आठवड्यातनं दोनदा सेंटरला जाऊन काही होत नाही, घरी रोज करायचं. मान धरायला शिकवताना आम्ही अंथरुणावर पालथं घालून समोर स्टीलची ताटली ठेवायचो, तिच्यात स्वतःचं तोंड बघायला ते मान उचलायचं. महाग खेळण्यांपेक्षा ती ताटली चालली.

पुढं काय होणार हे सगळेच विचारतात. ते बऱ्याच अंशी कारणावर आहे. कारण काही सापडलं नाही, आधीची वाढ नीट होती आणि उपचार लवकर झाले, तर काही मुलं अगदी छान राहतात. बऱ्याच मुलांची वाढ मागं राहते, काहींना पुढं वेगळ्या प्रकारच्या फिट चालू होतात, लेनॉक्स-गॅस्टॉ नावाचा प्रकार त्यातलाच. आमचं पोरगं तीन वर्षांचं झाल्यावर चाललं, बोलतं मोजकं, पण रंकाळ्यावर भेळेची गाडी दिसली की "भेळ" एकदम स्पष्ट म्हणतं. दुसऱ्याच्या मुलाशी तुलना करायची नाही, अगदी ह्याच आजाराच्या दुसऱ्या मुलाशीसुद्धा नाही.

घरचे जोतिबाला, नरसोबाच्या वाडीला नवस बोलतील. जाऊ दे, आम्हीही गेलो, खेटे घातले. फक्त औषधाची वेळ चुकवून नाही, आणि कुणी बाबानं दिलेली पुडी, काढा, बाळगुटीत काही घालायला दिलेलं, हे डॉक्टरांना न विचारता नाही.

परत आलं तर

थांबलेले झटके परत येऊ शकतात, बऱ्याच बाळांत येतात, जास्त करून पहिल्या काही महिन्यांत, औषध कमी करताना किंवा बंद झाल्यावर. म्हणून वही बंद करायची नाही. रोज सकाळी उठल्यावरची पहिली पाच-दहा मिनिटं बाळाकडं बघायचं, एक जरी संशयास्पद माळ दिसली तरी त्याच दिवशी व्हिडिओ काढून डॉक्टरांना पाठवायचा, पुढच्या तारखेची वाट बघायची नाही. आमचं सातव्या महिन्यात थांबलेलं दहाव्यात परत आलं होतं. त्या दिवशी नेमकी मोबाईलची मेमरी फुल. मी बाथरूमच्या दारात उभी राहून दिराच्या लग्नातले वरातीचे सगळे व्हिडिओ डिलीट केले, जाऊबाई अजून विचारतात कुठं गेले म्हणून. तर मोबाईलमधे जागा ठेवा, आणि रात्री चार्जिंगला लावून झोपा.